मदत हवी आहे: ४ फुटी रीफ टँकमधे (खारं पाणी, कोरल) कुठले रॅस मासे एकत्र राहतील? (सोलापूरचा उन्हाळा धरून सांगा)

नमस्कार मंडळी, मी सोलापूरचा, जुळे सोलापुरात राहतो. आमच्याकडे गप्पी, फायटर, फ्लॉवरहॉर्न ठेवणारे गल्लोगल्ली आहेत पण खाऱ्या पाण्याचं काही विचारावं असं जवळपास कुणी नाही, म्हणून इथं विचारायलोय. जरा लांबलंय, पण अर्धी माहिती दिली की उत्तर पण अर्धंच मिळतं.

टँक ४ फूट लांब, २० इंच रुंद, २० इंच उंच. काठोकाठ धरलं तर ३१५ लिटर, दगड-वाळू वजा करून २६०-२७० असेल. खाली संप (फिल्टरची वेगळी टाकी), स्किमर (फेसातनं घाण काढणारा), वर दोन वेव्हमेकर (पाणी हलवणारे पंप). १४ महिने झाले. सॅलिनिटी (खारटपणा) १.०२५, अल्कलिनिटी साडेआठच्या आसपास, नायट्रेट १० च्या मागंपुढं. कोरल सगळे मऊ, झोआ, मशरूम आणि एक लेदर. दगडी कोरल आपल्याकडं वन्यजीव कायद्याच्या पहिल्या शेड्यूलमधे आहेत, त्यामुळं त्या वाटेला जायचंच नाही असं पहिल्या दिवशीच ठरवलंय. मासे म्हणाल तर क्लाउनची जोडी, पिवळा वॉचमन गोबी आणि त्याच्याच बिळात राहणारी पिस्टल श्रिंप (कोळंबी), शिवाय दोन क्लीनर श्रिंप. एक फायरफिश पण होता.

त्याचं सांगतो, कारण हा धागा त्याच्यामुळंच काढलाय. मागच्या वर्षी झोआवर चपटे किडे झाले, फ्लॅटवर्म. जिथनं मासे घेतो तिथं विचारलं तर म्हणाले सिक्सलाइन रॅस टाका, चार दिवसात साफ करेल. टाकला. खोटं कशाला बोलू, किडे त्यानं खरंच खाल्ले, आणि दोनेक महिने दगडातनं आतबाहेर करत शहाण्यासारखा राहिला. मग काय झालं कळेना, फायरफिशला बिळाबाहेर तोंड काढू देईना. खायला टाकलं की हा आधी त्याच्या अंगावर जायचा आणि मग खायचा. आज पकडू उद्या पकडू करत मी आठवडा घालवला आणि एका सकाळी फायरफिश स्टँडच्या मागं फरशीवर वाळून पडलेला सापडला. मुलीनं आधी बघितला. टँकला झाकण नव्हतं, ते का नव्हतं ते खाली येईलच. चूक माझीच होती, माशाचा स्वभाव न वाचता घेतला. नंतर पाण्याच्या बाटलीचं तोंड कापून उलटं बसवलं, आत कोळंबीचा तुकडा टाकला आणि तिसऱ्या दिवशी सिक्सलाइन सापडला, आता संपमधे ठेवलाय, तिथं मजेत आहे.

तरी रॅस आवडतात ते आवडतातच. पाचशेहून जास्त जाती आहेत आणि दिवसभर सगळा टँक फिरत राहणारा, दगडावरचा एकेक कण तपासणारा असा दुसरा मासा मला माहीत नाही. सिक्सलाइन सुद्धा रात्री दगडाच्या फटीत अंगाभोवती चिकट पारदर्शक पिशवी करून झोपायचा, मुलगी टॉर्च लावून ते बघायला मला उठवायची. मालदीवजवळचा तो गुलाबी फेअरी रॅस, सिऱ्हिलॅब्रस फिनिफेन्मा, २०२२ मधे नवीन जात म्हणून नोंदवला गेला तेव्हापासनं माझं हे वेड वाढलंय. तो काय माझ्याकडं येणार नाही, पण त्याचे भाऊबंद तरी यावेत.

तर माझी यादी अशी आहे. सोलर फेअरी म्हणतात तो सोलोरेन्सिस, नर एक. फ्लॅशरमधला कार्पेंटर, जमला तर एक नर दोन माद्या. पिवळा कॅनरी (हॅलिकोरेस क्रायसस, दुकानात यलो कोरिस म्हणतात तोच), हा मुलीला हवाच आहे. मग मेलॅन्युरस एक, आणि शेवटी लेपर्ड रॅस. हे सगळे २६० लिटरमधे बसतील का, कुणाला गाळू, आणि आधी कोण नंतर कोण? माझी वाळू जेमतेम एक इंच आहे आणि दाणा जाड आहे, पिवळ्याला खोल लागते असं वाचलं. सिक्सलाइनला परत वर आणता येईल का हे पण सांगा, कारण संपमधे त्याला जन्मभर ठेवायचं जिवावर येतं.

आता झाकणाचं. गड्डा (सिद्धेश्वराची जत्रा) उठला, म्हणजे महिन्या-दीड महिन्यात ऊन चढणार. एप्रिल-मेमधे आमच्याकडं ४२-४३ म्हणजे नेहमीचंच. माझ्याकडं चिलर (पाणी थंड करायचं मशीन) नाही, पाण्यावर दोन पंखे सोडतो. हवा कोरडी असल्यानं ते चांगलं चालतं, मागच्या मेमधे पाणी २८-२९ च्या वर गेलं नाही. पण त्यात रोज ६-७ लिटर पाणी उडतं, ते आरओचं भरायचं, आणि आमच्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. आई रोज विचारते किती बादल्या गेल्या. ते चाललंय कसंतरी, अडचण अशी की काचेचं झाकण टाकलं तर वाफ अडते आणि टँक तापतो, झाकण काढलं तर रॅस उडी मारणार. फायरफिशच्या वेळी नेमकं हेच झालं. इथं कुणी गरम गावात रॅस ठेवले असतील तर काय करता ते सांगा. पैसे लागले तरी चालतील पण मासा परत फरशीवर बघायचा नाही.

प्रतिसाद १, पुण्याहून

दादा, आधी फायरफिशबद्दल वाईट वाटलं. सिक्सलाइनच्या बाबतीत हे फार जणांचं झालंय, तो जागा धरून बसतो आणि नंतर येणाऱ्या, त्यातून शांत, माशाला जगू देत नाही. त्याला वर आणू नका. फेअरी-फ्लॅशर आणायचे असतील तर अजिबातच नको, हे दोघंही त्याच्यासारख्याच आकाराचे आणि स्वभावाने मवाळ, तो त्यांना पहिल्याच दिवशी कोपऱ्यात गाठेल. ज्याच्या टँकमधे मोठे धट्टेकट्टे मासे आहेत अशा कुणाला देता आला तर बघा. तुम्हाला त्याचं काम हवं असेल तर ते पिवळा कॅनरी करेल, फ्लॅटवर्म, काटेरी किड्यांची पिल्लं, शिंपल्यांना चिकटणाऱ्या बारीक परजीवी गोगलगाई, सगळं टिपून खातो आणि इतरांच्या वाटेला सहसा जात नाही.

तुमच्या यादीतून मी दोन नावं काढेन. लेपर्ड आत्ता नको. तो दिवसभर दगडावरचे बारीक जीव खाऊन जगतो, तयार अन्न शिकेपर्यंत बरेचसे उपाशी जातात, शिवाय पिशवीत घाबरून तळात घुसायला बघतो आणि तोंड घासून जखम करून घेतो, मग खाणारच कसा. टँक अजून मुरू दे, पॉड (तेच बारीक जीव) भरपूर दिसायला लागले की विचार करा. दुसरा मेलॅन्युरस. देखणा आहे, वादच नाही, पण पूर्ण वाढलेला नर दादागिरी करतो आणि त्याचं नि पिवळ्याचं काम एकच आहे. दोघंही हॅलिकोरेस घराण्यातले, २६० लिटरमधे एक पुरे.

राहिले फ्लॅशर, पिवळा, सोलर. याच क्रमाने टाका. फ्लॅशर सगळ्यात भित्रे म्हणून ते आधी, त्यातही माद्या नराच्या बरोबर किंवा आधी. रॅस आधी मादी असतात आणि मोठा झालेला त्यातलाच नर होतो, त्यामुळे दोन नर कधी आणू नका आणि दोन माद्यांतली एक उद्या रंग बदलायला लागली तर घाबरूनही जाऊ नका. नराला दाखवायला समोर मादी असली की तो पंख उघडून असा विजेसारखा चमकतो की फ्लॅशर हे नाव का पडलं ते तेव्हाच कळतं, एकटा ठेवला तर हळूहळू फिका पडतो. ते रुळले की महिन्याने पिवळा, आणि सोलर सगळ्यात शेवटी. फेअरीमधला स्कॉट मिळतोय म्हणून कुणी गळ्यात मारला तर घेऊ नका, तो त्या घराण्यातला भांडखोर.

प्रत्येक नवीन माशाला पहिले तीन-चार दिवस टँकमधेच भोकं पाडलेल्या पारदर्शक डब्यात ठेवा. बाकीचे येऊन बघतात, फुगतात, कंटाळतात, निघून जातात. डब्यावर कोण किती धडका मारतंय हे बघून सोडायचं की नाही ते ठरवता येतं.

प्रतिसाद २

झाकणाचं मी सांगतो, मी नागपूरला आहे म्हणजे उन्हाचं मला कुणी शिकवू नये. काच नको, जाळी घाला. खिडकीला मच्छरदाणीच्या फ्रेम करून देणारा असतो ना, त्याच्याकडून टँकच्या मापाची अॅल्युमिनियमची फ्रेम करून घ्या, पण त्याची नेहमीची मच्छरदाणी लावू नका, ती फार बारीक असते, मिठाने बुजते आणि लाइट अडवते. पारदर्शक नायलॉनची पाव इंच भोकाची जाळी लावा. फ्लॅशर बारीक असतो, त्याहून मोठं भोक चालत नाही. लोखंडी स्क्रू, जीआय जाळी, पितळ यातलं काहीही पाण्यावर नको. फ्रेम पावडर कोटिंगची घ्या आणि आठवड्याला गोड्या पाण्याने पुसा, नाहीतर मिठाने खाते. पंखे जाळीच्या वरून तिरके फुंकतात, वाफ सगळी निघून जाते. हिशोब साधा आहे, तीनशे लिटरच्या टँकमधून एक लिटर पाणी उडालं तर जवळजवळ दोन अंश उष्णता घेऊन जातं, म्हणजे तुमच्या त्या सहा-सात लिटरचं चीज होतंय, आईंना सांगा.

आणि वायर, पाइप जिथून आत जातात ते कोपरे बघा. रॅस बोटभर फटीतून जातो, माझा गेलाय.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. जाळीचं ऐकून डोक्यावरचं ओझं उतरलं, काच नाहीतर उघडं याच्या पुढं मी गेलोच नव्हतो. उद्याच फ्रेमवाल्याकडं माप देऊन येतो. लेपर्ड आणि मेलॅन्युरस काढले. वाळूचं मात्र राहिलं, चालू टँकमधे वाळू वाढवली तर गोंधळ होणार नाही का? आणि मासे पुण्याहून आणायचेत, संध्याकाळच्या हुतात्मानं रात्री सोलापूर, तेवढ्या प्रवासात टिकतील ना?

प्रतिसाद ३

वाळू वाढवता येते, मी केलंय. बारीक अॅरागोनाइट (चुनखडीची वाळू) घ्या, पांढरं पाणी जाईपर्यंत धुवा, आणि एका दिवशी टँकचा एक कोपराच करा. दीड इंची पाइप तळापर्यंत धरून त्यातून हळूहळू सोडायची म्हणजे ढग होत नाही. जुनी वाळू उकरू नका, तिच्यावरच घाला. सगळीकडे खोल करायची गरज नाही, एका बाजूला दीड-दोन फुटाच्या पट्ट्यात तीन इंच झाली तरी पिवळ्याला झोपायला पुरते. गोबीच्या बिळाची बाजू सोडून द्या, बिचाऱ्या श्रिंपने एवढं खणलंय. दगड मात्र काचेवर टेकलेले हवेत, वाळूवर ठेवलेले असतील तर खालून पोखरले जाऊन कोसळतात.

पिवळा सोडलात की तो वाळूत शिरेल आणि कदाचित चार-पाच दिवस दिसणारच नाही. मेला समजून खणू नका, माझ्या नवऱ्याने खणला होता आणि मासा जिवंत होता, उगाच घाबरला बिचारा मासा. जिथून आला तिथल्या वेळेने झोपतो-उठतो, हळूहळू आपल्या दिव्याची वेळ धरतो. मुलीला आधीच सांगून ठेवा.

प्रवासाला चार तास काहीच नाहीत, पण उन्हाळ्याआधीच उरका. थर्माकोलचा डबा, एका पिशवीत एकच मासा, अंधार. आल्यावर थेट मोठ्या टँकमधे नको, चार आठवडे वेगळ्या छोट्या टँकमधे बघा. पिवळ्यासाठी तिथे डब्यात वाळू ठेवा, पण तांब्याचं औषध द्यायची वेळ आली तर अॅरागोनाइट ते शोषून घेते, म्हणून तिथे साधी सिलिका वाळू. त्या टँकलाही जाळी, हे लोक विसरतात.

खायला दिवसातून दोन-तीनदा थोडंथोडं. फेअरी नि फ्लॅशर समुद्रात वाहत येणारे बारीक जीव खाणारे, एकदाच पोटभर दिलेलं त्यांना मानवत नाही. मायसिस (गोठवलेली बारीक कोळंबीसारखी) मिळालं तर उत्तम, नाहीतर ताजी कोळंबी अगदी बारीक चिरून. लाइट जाते ना तुमच्याकडे? मग फ्रीजरमधे महिन्याचा साठा करू नका, वितळून परत गोठलेलं देऊ नका. एक वेव्हमेकर इन्व्हर्टरवर असलाच पाहिजे, गरम पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी असतो.

धागाकर्ता

ताई, खूप खूप आभार, वाळूचं एवढं नीट कुणीच सांगितलं नव्हतं. दगड काचेवरच आहेत, सुरुवातीला तेवढं बरोबर केलं होतं. वेव्हमेकर आज इन्व्हर्टरवर घेतला.

ठरलं ते लिहितो, कुठं चुकत असेल तर टोका. या आठवड्यात फ्रेम आणि जाळी. वाळू डाव्या बाजूला, तीन टप्प्यात. मग कार्पेंटर फ्लॅशर, एक नर दोन माद्या, छोट्या टँकमधनं डब्यात आणि डब्यातनं बाहेर. ते खायला लागले आणि मार्च सरला नसेल तर पिवळा, नाहीतर तो पावसाळ्यानंतर. सोलर दिवाळीच्या सुमाराला. पिवळा आधी आण म्हणून मुलगी रुसलीय, पण फ्लॅशर आधी का ते तिला सांगितलं तर म्हणाली मग त्यांना घाबरवू नको, सावकाश आण.

सिक्सलाइनला घर हवंय. पुणे, सोलापूर, लातूर, कोल्हापूर, कुठलंही चालेल, मी स्वतः आणून देईन. पैसे नकोत. टँक मोठा, मासे दणकट आणि झाकण असलेलं पाहिजे. कुणाकडं असेल तर इथंच लिहा.