मदत हवी आहे: तीन नाटकांसाठी एकच नेपथ्य

परभणीतील आमच्या हौशी नाट्यसंस्थेने येत्या हिवाळ्यात महेश एलकुंचवार यांची ‘वाडा चिरेबंदी’, ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ ही त्रिनाट्यधारा दरमहा एक नाटक याप्रमाणे करण्याचे ठरवले आहे. दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी यांनी १९९४ मध्ये ती सलग सादर केली होती. तेवढा दम आमच्यात नाही. परवानगीचे काम मार्गी लागले आहे, खरी अडचण नेपथ्याची आहे. वाड्याचे खांब आणि चौकटी शेवटच्या प्रयोगापर्यंत टिकवायच्या आहेत, मात्र टेम्पोतून नेताना प्लायवूडचे कोपरे उडतात आणि कापडी फ्लॅट (रंगमंचावर भिंत म्हणून उभ्या करायच्या चौकटी) सैल पडतात. लाकडी रिपांवर कापड ताणलेले, बिजागरीने मिटणारे फ्लॅट लातूर किंवा नांदेडकडे कोणी करून घेतले असल्यास मापे, लाकडाचा प्रकार आणि अंदाजे खर्च कृपया कळवावा.