दुसरा डीएनएस घ्यावा का? (बजेट वर्षाला १,५०० रुपये)

मसालेवाली: घरगुती मसाल्यांची छोटी साइट चालवते. दिवाळीच्या तोंडावर चार तास साइट उघडेना. होस्टिंगवाले म्हणाले, सर्व्हर चालू आहे, डीएनएस (साइटच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी सेवा) बसलाय. म्हणजे दुकान उघडं आणि पाटी गायब! भाजणीची गिऱ्हाइकं गेली ती गेलीच. जोडीला दुसऱ्या कंपनीचा डीएनएस घ्यावा का?

राऊटरवाला: ताई, मी महिन्याला २,००० चं पॅकेज घेतलंय. तीन वर्षं झाली, एक तक्रार नाही.

मसालेवाली: वर्षाला १,५०० हो, महिन्याला नाही.

जुना_अॅडमिन: घ्याच. २१ ऑक्टोबर २०१६ ला डाइन या डीएनएस कंपनीवर मिराई बॉटनेटचा (हॅक करून ताब्यात घेतलेल्या यंत्रांच्या फौजेचा) हल्ला झाला. लोकांच्या घरातले कॅमेरे आणि डीव्हीआर वापरून! ट्विटर, रेडिट, स्पॉटिफाय उघडेनात. फक्त नोंदी दोन्हीकडे सारख्या ठेवा. एकीकडे आयपी (सर्व्हरचा पत्ता) बदललात, दुसरीकडे विसरलात, की निम्मी गिऱ्हाइकं जुन्या पत्त्यावर जातील. टीटीएल (तुमचा पत्ता इतरांनी किती सेकंद लक्षात ठेवायचा तो आकडा) किती आहे? ३०० असेल तर पाच मिनिटांतच सगळे तुमचा पत्ता विसरतात.

खडूस_पुणेकर: जगात मुळात १३च रूट सर्व्हर (डीएनएसच्या अगदी मुळाशी असलेले). ते पडले तर तुमचे दोन काय नि चार काय!

जुना_अॅडमिन: १३ नावं आहेत, ए ते एम. एनीकास्टमुळे (एकच पत्ता अनेक यंत्रांना द्यायची पद्धत) त्यांच्यामागे हजाराच्या वर यंत्रं आहेत, काही मुंबईतही. २००२ च्या ऑक्टोबरात तेराही नावांवर हल्ला झाला, सामान्य माणसाला पत्ताही लागला नाही. शिवाय रूटची फाइल जेमतेम दोन-एक एमबीची. पसारा खाली आहे, एकट्या डॉट कॉममध्ये १५ कोटींच्या वर नावं.

खडूस_पुणेकर: नावं म्हणा नाहीतर सर्व्हर म्हणा, १३ ते १३.

स्वयंभू: कशाला कुणाला पैसे द्यायचे? मी स्वतः बाइंड (डीएनएसचं सॉफ्टवेअर) चालवतो. एक यंत्र माझ्या माळ्यावर, एक मेव्हण्याकडे नाशिकरोडला.

राऊटरवाला: आणि दोघांकडची वीज एकदम गेली तर?

स्वयंभू: एकदाच गेली होती.

चहाबाज: +१, दुसरा घ्याच. पण फेसबुकचे स्वतःचे चार नेमसर्व्हर (डीएनएसचे सर्व्हर) होते, तरी ४ ऑक्टोबर २०२१ ला सहा तास गायब. चारही एकाच घरचे, वाटच बंद झाली तर चौघंही आत अडकणार.

कोल्हापुरी_सून: सगळे डीएनएस डीएनएस करताय, डोमेनची (साइटच्या नावाची) मुदत बघितलीत का? माझी आठवणपत्रं बंद पडलेल्या ईमेलवर जात होती. डोमेन सोडवून घ्यायला भुर्दंड पडला तो वेगळाच.

मसालेवाली: सगळ्यांचे आभार. दुसरा डीएनएस घेत नाही. दोन ठिकाणी नोंदी सांभाळायला रात्री मलाच बसावं लागणार, आणि एक जागा मी नक्की विसरणार. टीटीएल ३०० होता, तो एक दिवसाचा केला. सूनबाईंचं वाचून मुदत बघितली तर १९ दिवस उरलेत! आठवण ह्यांच्या जुन्या ऑफिसच्या ईमेलवर. डोमेनचे एकदम दोन वर्षांचे भरून टाकले, बजेट संपलं.

जुना_अॅडमिन: होस्टिंग बदलायच्या आदल्या दिवशी टीटीएल परत खाली आणा, नाहीतर दिवसभर जुनाच पत्ता चालेल.

राऊटरवाला: ताई, त्या पॅकेजमध्ये हे सगळं येतं बरं का.