जहाजाने बोलायचंच नाही, मग मेसेज पोचला हे कसं कळायचं?

दर्यागप्पा
सध्या दुसऱ्या महायुद्धातल्या अटलांटिकबद्दल वाचतोय आणि एक गोष्ट काही केल्या डोक्यात बसत नाहीये. व्यापारी जहाजांना रेडिओ सायलेन्सची सक्त ऑर्डर, म्हणजे समुद्रात गेलात की तोंड बंद. आणि तिकडे लंडनहून ॲडमिरल्टी, म्हणजे ब्रिटिश नौदलाचं मुख्यालय, वायरलेसवर सांगतेय की पुढे पाणबुड्या आहेत, मार्ग बदला. आता जहाज उत्तरच देणार नसेल तर मेसेज मिळाला का नाही हे किनाऱ्यावरच्या माणसाला कळणार कसं? आपल्याला निळी टिक दिसली नाही तरी चैन पडत नाही, इथे तर अख्खं जहाज जायची वेळ. शिवाय शत्रूही ऐकत असणारच ना?

मोर्सवेडा
कळायचंच नाही 🙂 खरंच, पद्धतच तशी होती. शांततेच्या काळात किनाऱ्यावरचं स्टेशन जहाजाला हाक मारायचं, जहाज ओ द्यायचं, मेसेज घ्यायचं आणि मिळाला म्हणून सांगायचं. युद्धात हे सगळं बंद. स्टेशन ठरलेल्या वेळेला मोर्समध्ये मेसेज हवेत सोडून मोकळं, ज्याचा असेल त्याने उचलावा. दोस्त राष्ट्रांच्या व्यापारी जहाजांसाठी असं खास प्रसारण होतं, इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला बॅम्स म्हणायचे. समुद्राचे विभाग पाडलेले आणि जहाज ज्या विभागात असेल तिथलं स्टेशन ऐकायचं. इंग्लंडमधलं पोर्टिसहेड रेडिओ, जे एरवी जहाजांशी दिवसभर गप्पा मारायचं, तेही युद्धात जवळपास एकतर्फी झालं.

पोचायची खात्री दोन गोष्टींवर. एक म्हणजे तोच मेसेज परत परत पाठवायचा, आणि वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींवर, कारण शॉर्टवेव्हला दिवसा वरची फ्रिक्वेन्सी लांब जाते आणि रात्री खालची. दुसरं म्हणजे नंबर. मेसेजना ओळीने नंबर, त्यामुळे ४१ नंतर एकदम ४३ आला की ऑपरेटरला समजायचं आपला एक हुकला, मग पुढच्या वेळेला कान टवकारून ४२ ची वाट बघायची. म्हणजे काळजी पाठवणाऱ्याने करायची नाही, ऐकणाऱ्याने करायची, सगळी गंमत इथेच आहे. पण त्यासाठी कोणीतरी कायम ऐकत बसलेलं हवं आणि आधी बऱ्याच जहाजांवर एकच ऑपरेटर असायचा, तो झोपणार कधी? म्हणून युद्धात ब्रिटिश जहाजांवर तीन-तीन रेडिओ ऑफिसर ठेवायला लागले.

दर्यागप्पा
वा, नंबरचं डोक्यातच आलं नव्हतं. पण मग एक 'मिळाला' एवढं टकटक केलं तर काय बिघडलं असतं? दोन सेकंदाचं काम.

खारट
दोन सेकंदातच घात व्हायचा. शत्रूची दोन-तीन स्टेशनं डायरेक्शन फाइंडर लावून बसलेली असतात, प्रत्येकाने सिग्नलची दिशा पकडली की नकाशावर रेघा मारायच्या, जिथे छेदतील तिथे तुम्ही. अहो बोलणं सोडा, काही जुन्या पद्धतीचे रिसीव्हर नुसते चालू असले तरी त्यांच्या एरियलमधून बारीक लहरी बाहेर पडायच्या! म्हणून असले सेट बदलून कमी लहरी सोडणारे बसवायला लागले. उलट गंमत जर्मनांची, त्यांच्या पाणबुडी दलाचा प्रमुख ड्योनिट्झ याला पाणबुड्यांची टोळी जमवायची तर त्या एकमेकींना आणि मुख्यालयाला कळवणार, म्हणजे बोलणार, आणि तिथेच त्या दोस्तांच्या डायरेक्शन फाइंडरला सापडायच्या.

शत्रू ऐकत होता का, तर हो, मजेत. मेसेज कोडमध्ये असायचा पण कोडची पुस्तकं शेकडो जहाजांवर वाटलेली, गुपित राहणार किती? ॲटलांटिस नावाचं जर्मन जहाज साध्या व्यापारी जहाजाचं सोंग घेऊन हिंदी महासागरात फिरत होतं, त्याने जुलै १९४० मध्ये सिटी ऑफ बगदाद नावाचं ब्रिटिश जहाज पकडलं आणि व्यापारी जहाजांच्या प्रसारणाचा कोड हाती लागला. ११ नोव्हेंबर १९४० ला ऑटोमेडॉन हे आणखी एक ब्रिटिश जहाज पकडलं. नियम असा की कागदपत्रं वजन घातलेल्या पिशवीत ठेवायची आणि पकडले जाणार असं दिसलं की समुद्रात टाकायची. पण ऑटोमेडॉनच्या ब्रिजवरच, म्हणजे कॅप्टन जिथून जहाज चालवतो तिथेच, गोळे पडले, कॅप्टन आणि ऑफिसर गेले, पिशवी टाकायला उरलं कोण? कोडबरोबर लंडनची अतिगोपनीय टपालही जर्मनांना मिळाली.

होकायंत्र
मोर्सवेडा, थोडी भर घालतो. हे सगळं मुख्यतः एकट्याने जाणाऱ्या जहाजांचं झालं. ताफ्यात असाल तर ॲडमिरल्टीचा हुकूम सोबतच्या युद्धनौकांना यायचा, आणि तिथून पुढे व्यापारी जहाजांना झेंडे नाहीतर दिवा. ४ जुलै १९४२ ला पीक्यू १७ ताफ्याला 'पांगा' असा हुकूम लंडनहून वायरलेसने आला पण व्यापारी जहाजांनी तो झेंड्यांवर वाचला. त्यातली २४ जहाजं बुडाली.

आणि सायलेन्स मोडायची मुभा एकाच वेळी, हल्ला झाला की. मग ५०० किलोहर्ट्झवर, म्हणजे संकटाच्या हाकेसाठी ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर, पाणबुडी असेल तर चार वेळा एस, विमान असेल तर चार वेळा ए, युद्धनौका असेल तर आर, आणि ॲटलांटिससारखं सोंग घेतलेलं असेल तर क्यू, पुढे आपली जागा. तेव्हा लपण्यासारखं काही उरलेलंच नसायचं.

दर्यागप्पा
बापरे. आता जाऊन ते प्रकरण परत वाचतो. आजही असं एकतर्फी काही चालतं का हो?

मोर्सवेडा
होकायंत्र, बरोबर, ताफ्याचं लिहायचं राहिलंच. दर्यागप्पा, चालतं की, फक्त मोर्स गेला. ५१८ किलोहर्ट्झवर नेव्हटेक्स येतं, वादळाचे इशारे, सुरुंग, वाहून चाललेली लाकडं वगैरे, जहाजाने उत्तर द्यायचं नाही. प्रत्येक मेसेजला अजूनही नंबर असतो, स्टेशनचं अक्षर, विषयाचं अक्षर आणि दोन आकडे. आता ते लक्षात ठेवायचं काम मशीनच करतं, एकदा नीट मिळालेला मेसेज परत छापत नाही, आणि नंबरात ०० असेल तर मात्र काहीही झालं तरी छापतंच.