मदत हवी आहे : वडिलांच्या तळपायांचा बधिरपणा मधुमेहामुळे की बी-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळे?

माझे वडील १२ वर्षांपासून मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असून आहार पूर्ण शाकाहारी आहे. काही महिन्यांपासून दोन्ही तळपायांना मुंग्या येतात, रात्री आग होते. परवा तर चालताना चप्पल पायातून निसटली, तरी चार पावले त्यांना कळलेच नाही. डॉक्टरांनी पायाच्या अंगठ्याला ट्यूनिंग फोर्क (कंप पावणारा धातूचा चिमटा) लावला, पण कंप जाणवला नाही. प्रीगाबालिन या नसांच्या वेदनेवरील औषधाने आग कमी झाली आहे; मात्र ते वेदना शमवते, नस दुरुस्त करत नाही, याची आम्हाला कल्पना आहे. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ घटू शकते आणि त्यानेही हीच लक्षणे उद्भवतात, म्हणून ती तपासणी आम्ही करून घेत आहोत. ज्यांच्या घरी बी-१२ ची इंजेक्शने दिली गेली, त्यांचा बधिरपणा कितपत आणि किती काळाने कमी झाला, तसेच नर्व्ह कंडक्शन (नसांमधून संदेश कसा वाहतो हे पाहणाऱ्या) चाचणीने उपचारांची दिशा बदलली का, हे कृपया कळवावे.