प्रतिसाद: कॅप्शन डिस्कमध्येच असतात, रूपांतरात गळतात

डीव्हीडीवरून रूपांतरित केलेल्या व्हिडिओ फाइलमध्ये क्लोज्ड कॅप्शन (ऐकू न येणाऱ्यांसाठी पडद्यावर दाखवता येणारा संवादांचा मजकूर) दिसत नाहीत, म्हणून ती डिस्कवरच नसावीत, असा निष्कर्ष मांडला गेला आहे; तो मला घाईचा वाटतो. डीव्हीडीवरील सबटायटल ही स्वतंत्र प्रवाहातील चित्रे असतात, तर क्लोज्ड कॅप्शन एमपेग-२ (डीव्हीडीवरील व्हिडिओचे स्वरूप) चित्रप्रवाहाच्या आतच सांकेतिक मजकुराच्या रूपाने साठवलेली असतात. त्यामुळे ती आधी वेगळी काढली नाहीत, तर चित्र पुन्हा एन्कोड होताना (नव्या स्वरूपात साठवले जाताना) बहुधा नाहीशी होतात. डिस्कवरील मूळ व्हीओबी (डीव्हीडीच्या व्हिडिओ) फाइलींवर सीसीएक्स्ट्रॅक्टर हा कॅप्शन वेगळी काढणारा प्रोग्रॅम चालवून एसआरटी (वेळेसह साध्या मजकुराची सबटायटल) फाइल तयार करावी व ती रूपांतरित एमकेव्ही व्हिडिओ फाइलमध्ये जोडावी. कॅप्शन मुळातच मजकूर असल्याने ओसीआरची (चित्रातील अक्षरे ओळखून मजकूर बनवण्याची) गरज पडत नाही. मात्र साध्या एसआरटीत कॅप्शनची पडद्यावरील जागा सहसा टिकत नाही, आणि ऐकू न येणाऱ्या प्रेक्षकाला कोण बोलत आहे हे अनेकदा त्या जागेवरूनच कळते. म्हणून मूळ व्हीओबी फाइली पुसू नयेत, असा माझा आग्रह आहे.