न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर गळाची मासेमारी : कोणत्या महिन्यात कोणता मासा?

गोदातीर (पैठण)

सर्वांना नमस्कार. मी निवृत्त शिक्षक असून पैठणला राहतो. नाथसागराच्या काठाला गळ टाकून बसण्याचा छंद मला फार जुना आहे. रोहू-कटल्याला कणकेचा गोळा, मरळीला लहान मासा किंवा बेडकी आणि रात्री वामीला गांडूळ, एवढेच माझे शास्त्र. मुलगी आणि जावई अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील एडिसन येथे राहतात आणि येत्या एप्रिलपासून काही महिन्यांसाठी त्यांनी आम्हा दोघांना तिकडे बोलावले आहे. समुद्र तासाभराच्या अंतरावर असून काठावरून गळ टाकणारे पुष्कळ लोक दिसतात, असे जावईबापू सांगतात. मात्र त्यांना या विषयात गोडी नसल्याने अधिक काही विचारता येत नाही.

धरणाचे गणित मला कळते. मृगानंतर नवे पाणी आले की मासा धारेला चढतो आणि उन्हाळ्यात पाणी मागे हटले की जुन्या पात्रातल्या डोहांत जमतो. समुद्रात ना नवे पाणी येते, ना पाणी उतरते. मग तेथे मासा केव्हा आणि कोठे असेल याचा अंदाज कशावरून बांधायचा? कणीक चालेल का? परवाना लागतो का? आणि येथून गळकाठी, तंगूस वगैरे बरोबर न्यावे का? जाणकारांनी सविस्तर लिहिल्यास उपकार होतील.

हिमायतबाग (छत्रपती संभाजीनगर)

गुरुजी, नमस्कार. नोकरीनिमित्त मी बरीच वर्षे त्याच भागात राहिलो, म्हणून लिहिण्याचे धाडस करतो.

समुद्राचे पाणी उतरत नाही असे आपण म्हणता, पण ते तर दिवसातून दोनदा उतरते आणि दोनदा चढते. भरती-ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, तेव्हा आज सकाळी सातला जे पाणी मिळाले ते उद्या आठच्या सुमाराला मिळेल. त्या किनाऱ्यावर भरती आणि ओहोटी यांच्या पातळीतला फरक सरासरी दीड मीटरच्या आत-बाहेर असतो. तो ऐकायला थोडा वाटतो, परंतु एवढे पाणी खाडीच्या अरुंद तोंडातून आत-बाहेर करते तेव्हा चांगलीच धार लागते आणि मोठा मासा त्या धारेच्या कडेला, खडकाच्या किंवा पुलाच्या खांबाच्या आडोशाला तोंड करून उभा असतो. पाणी चालू असेपर्यंत गळाला हालचाल असते. भरती किंवा ओहोटी पूर्ण होऊन पाणी थबकले की खुशाल डबा उघडून जेवून घ्यावे.

दुसरी गोष्ट पाण्याच्या उबेची. फेब्रुवारीत तेथील समुद्र ४ अंश सेल्सिअसच्या आसपास असतो आणि ऑगस्टमध्ये २२-२३ अंशांपर्यंत जातो. एवढी तफावत आपल्या कोकण किनाऱ्याला ठाऊकच नाही. म्हणूनच तेथील बहुतेक मासे मुक्कामाला नसतात, ते येतात आणि जातात.

आपण एप्रिलमध्ये पोहोचत असाल तर एडिसनच्या खालच्या अंगाला रॅरिटन नदी ज्या उपसागराला मिळते तेथूनच आरंभ करावा. हा उपसागर उथळ आणि काळ्या चिखलाच्या तळाचा असल्याने खुल्या समुद्रापेक्षा लवकर तापतो. पाणी १० अंशांच्या वर गेले की स्ट्राइप्ड बास आत येतो. रुपेरी अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत काळ्या रेघा असलेला हा मासा त्या किनाऱ्याचा राजा समजला जातो. वसंतातली उत्तम वेळ म्हणजे दुपार कलल्यावरची ओहोटी, कारण दिवसभर उन्हात तापलेले उथळ जागेतले पाणी तेव्हा बाहेर पडते आणि मासा त्या कोमट धारेत येऊन थांबतो. आपल्याकडे उन्हाळ्यात भल्या पहाटे बसायची सवय असते. ती एप्रिलपुरती बाजूला ठेवावी लागेल.

कणीक तेथे चालणार नाही. रोहू-कटला पीठ खातात, हे सगळे मासे शिकारी आहेत. शिंपल्यातले मांस, बंकर नावाच्या तेलकट माशाचे तुकडे किंवा ब्लडवर्म हा समुद्री किडा लावतात. हा किडा दिसायला गांडुळाचाच भाऊबंद, पण त्याच्या सोंडेतून चार काळे दात बाहेर येतात आणि चावला तर गांधीलमाशी डसल्यासारखी आग होते. आपला हात गांडुळाला सरावलेला आहे, म्हणून मुद्दाम सांगतो : त्याला डोक्यामागे घट्ट धरावे.

मे महिन्यात फ्लूक येतो. हा चपटा मासा वाळूत अंग पुरून पडलेला असतो आणि त्याचे दोन्ही डोळे डाव्या अंगाला असतात. अंड्यातून निघतो तेव्हा इतर माशांसारखाच दोन बाजूंना डोळे घेऊन निघतो, मग वाढताना उजवा डोळा डोक्यावरून सरकून डावीकडे येतो. हिवाळा तो दूर खोल पाण्यात काढतो आणि उन्हाळाभर खाड्यांत आणि किनाऱ्यालगत राहतो. माखलीची लांब पट्टी गळाला लावून ती तळावरून सावकाश ओढत आणावी. पडून राहिलेले आमिष त्याला फारसे दिसत नाही. खाण्यात याच्या तोडीचा दुसरा नाही. आपल्या काळ्या मसाल्यात घोळवून तव्यावर टाकला आणि सोबत ज्वारीची भाकरी असली की एडिसन पैठणपासून लांब आहे असे वाटत नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये काठावरून मोठा बास मिळण्याची आशा धरू नये. तेव्हा फ्लूक, ब्लूफिश आणि निळे खेकडे. ब्लूफिशचे दात कात्रीसारखे चालतात, गळाच्या वर वीतभर तार नसेल तर तंगूस तुटलीच म्हणून समजा. खरी मौज ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून नोव्हेंबर संपेपर्यंत असते, आणि तिकिटे बदलणे शक्य असेल तर मी आपल्याला तेच सुचवेन.

येथून काहीही नेऊ नये. गोड्या पाण्याची रिळे खाऱ्या पाण्यात गंजतात. तिकडची घेतली तरी रोज घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवावी लागतात.

उदगीरकर (उदगीर)

सर, माझे शिक्षण येथील मत्स्यविज्ञान महाविद्यालयात झाले आहे. त्या किनाऱ्यावर मी गळ टाकलेला नाही, परंतु स्ट्राइप्ड बासचा अभ्यास केलेला आहे. त्याचे फिरणे समजले की वरचे वेळापत्रक लक्षात ठेवावे लागणार नाही.

हा मासा राहतो समुद्रात आणि अंडी घालतो नदीत. एप्रिल ते जूनच्या दरम्यान तो चेसापीक उपसागराला मिळणाऱ्या नद्यांत, तसेच डेलावेअर आणि हडसन या नद्यांत चढतो. आपल्याकडे नव्या पाण्याला मासा चढतो त्याचेच हे रूप आहे, फरक एवढाच की तेथे इशारा पावसाच्या लोंढ्याचा नसून तापत्या पाण्याचा असतो. अंडी घालून झाल्यावर मोठ्या माद्या किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेला, न्यू इंग्लंडच्या थंड पाण्यात उन्हाळा काढायला जातात आणि पाणी गार होऊ लागले की त्याच वाटेने दक्षिणेला परततात. न्यू जर्सी मधल्या वाटेवर आहे, म्हणून तेथे वर्षातून दोन हंगाम मिळतात. परतीच्या वेळी मासा हिवाळ्यासाठी चरबी साठवत असतो आणि त्याच सुमारास खाड्यांतून बोय व बंकरची पिल्ले थव्यांनी बाहेर पडतात. हिमायतबाग यांनी शरदाचा जो आग्रह धरला आहे त्याचे मूळ येथे आहे.

आता नियमांविषयी, कारण याबाबत तेथे ढिलाई चालत नाही. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात हा मासा झपाट्याने घटला. १९८४ मध्ये त्याच्या संरक्षणासाठी अमेरिकेने केंद्रीय कायदा केला आणि मेरीलँड राज्याने १९८५ पासून पाच वर्षे त्याची मासेमारी पूर्ण बंद ठेवली. मासा परत आला, पण अलीकडे पुन्हा चिंता वाढल्याने २०२३ पासून खुल्या किनाऱ्यावर २८ ते ३१ इंच लांबीचाच आणि दिवसाला एकच मासा ठेवता येतो. त्याहून लहान तर सोडायचाच, पण त्याहून मोठाही सोडायचा, कारण मोठी मादी लाखोंनी अंडी देते. आपल्या धरणांवर बोटाएवढी पिल्लेसुद्धा पिशवीत जाताना पाहिली की हा नियम इकडे कधी येईल असे वाटून जाते.

किनाऱ्यापासून तीन मैलांपलीकडे हा मासा धरण्यास १९९० पासून बंदी आहे. फ्लूकची किमान लांबी आणि हंगामाच्या तारखा जवळजवळ दरवर्षी बदलतात, त्यामुळे त्या राज्य शासनाच्या संकेतस्थळावर पाहूनच जावे. न्यू जर्सीत खाऱ्या पाण्यातील छंदाच्या मासेमारीला शुल्काचा परवाना नाही, मात्र नावाची मोफत नोंदणी करावी लागते. शेजारच्या डेलावेअर, मेरीलँड आणि व्हर्जिनियाचे परवान्याचे नियम वेगळे आहेत.

गोदातीर (पैठण)

दोघांचेही मनापासून आभार. एवढे नेटके उत्तर मिळेल असे वाटले नव्हते. अडचण एकच आहे. भाद्रपदात घरी महालक्ष्म्या बसतात आणि त्याआधी परत यायचेच, हा आमच्या सौभाग्यवतींचा निर्णय तिकिटांच्या आधी झालेला आहे. तेव्हा नोव्हेंबरचा विचार सोडावा लागेल. मग एप्रिल ते ऑगस्ट या काळाचा सर्वांत चांगला उपयोग कसा करावा? शिवाय वयाचा विचार करता खडकांवर चढणे मला कितपत जमेल, याचीही शंका आहे.

विष्णुपुरी (मूळची नांदेडची, सध्या व्हर्जिनिया)

काका, महालक्ष्म्यांपुढे कोणाचेच चालत नाही, तेव्हा तो प्रश्न मिटला. हिमायतबाग यांचे म्हणणे खरे असले तरी वसंताचा हंगाम त्यांनी थोडा कमी लेखला आहे, असे मला वाटते. एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या शेवटापर्यंत बंकरच्या झुंडी रॅरिटन उपसागरात शिरतात आणि त्यांच्यामागे मोठे बास येतात. त्या दिवसांत काठावरच्या माणसालाही नावेवाल्याइतकीच संधी असते. म्हणून पोहोचल्यावर पाहुणचार जूनमध्ये उरकावा आणि पहिले सहा आठवडे पाण्यावर घालवावेत.

खडकांची शंका रास्त आहे. खाड्यांच्या तोंडाशी समुद्रात गेलेले दगडी बांध असतात आणि ओहोटीला उघडे पडलेले त्यांचे काळे, शेवाळलेले दगड फार निसरडे असतात. तळाला खिळे असलेली पादत्राणे घातल्याशिवाय जाणती माणसेही त्यांवर पाऊल ठेवत नाहीत. आपण तिकडे वळूच नये. उपसागराच्या काठाला सार्वजनिक धक्के आणि सपाट वाळूचे किनारे आहेत. सँडी हुक ही वाळूची लांब जीभ त्यासाठी उत्तम आहे, फक्त उन्हाळ्यात आंघोळीला येणाऱ्यांची गर्दी होण्यापूर्वी सकाळी लवकर पोहोचावे. वाळूत गोल शिसे गडगडत राहते, म्हणून चौकोनी पायाचे आणि निमुळत्या टोकाचे शिसे वापरतात. ते वाळूत रुतते आणि लाटेला दाद देत नाही.

जून-जुलैत फ्लूकसाठी बेलमार किंवा अटलांटिक हायलँड्स येथून सुटणाऱ्या भाड्याच्या मोठ्या नावा घ्याव्यात. तिकीट काढून कोणीही चढू शकतो, काठी आणि आमिष तेथेच मिळते, मासा काढून द्यायला माणूस असतो आणि त्या दिवसापुरती नोंदणीचीही गरज नसते. ज्यांना घाटातली बस लागते त्यांनी आदल्या रात्रीच डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घ्यावी. मासा लहान निघाला आणि परत सोडायचा झाला तर हात ओले करून धरावा, म्हणजे त्याच्या अंगावरचा चिकट थर जात नाही. आणि ठेवण्याजोगा मिळाला तर तो नावेवर स्वतः कापू नये, कारण लांबी मोजता यावी म्हणून मासा अखंडच किनाऱ्यावर आणावा लागतो.

ऑगस्टमध्ये जावईबापूंना सुट्टी मिळाली तर आमच्याकडे यावे. तेव्हा चेसापीकच्या तोंडाशी कोबिया, रेड ड्रम आणि सुरमईचा चुलतभाऊ म्हणता येईल असा स्पॅनिश मॅकेरल मिळतो. त्यातला कोबिया तर आपल्या अरबी समुद्रातही सापडतो. १९६४ साली खुल्या झालेल्या, सुमारे २८ किलोमीटर लांबीच्या पूल-बोगद्याचे हजारो खांब या सगळ्यांचा आसरा आहेत. उन्हाळी पाणी तापले की उत्तरेला गळाची जी मासेमारी मंदावते ती येथे भरात येते.

हिमायतबाग (छत्रपती संभाजीनगर)

वसंताबद्दल विष्णुपुरीताईंचे म्हणणे मान्य. मीही मे महिना वाया घालवलेला नाही, परंतु नोव्हेंबर पाहिलेला माणूस पक्षपाती होतोच.

एक गोष्ट राहिली होती. नैसर्गिक आमिष लावून बास धरताना सर्कल हुक, म्हणजे टोक आतल्या बाजूला वळलेला गळ, वापरणे बंधनकारक आहे. आपल्याकडे तरंगी बुडाली की मनगटाचा झटका देण्याची सवय हाडात मुरलेली असते. या गळाला झटका दिला की तो माशाच्या तोंडातून सरळ बाहेर येतो. काठीचे टोक वाकू द्यावे, मासा आमिष घेऊन वळू द्यावा आणि मग फक्त रीळ सावकाश फिरवावे. माशाच्या स्वतःच्याच ओढीने गळ जबड्याच्या कोपऱ्यात जाऊन बसतो आणि पोटात जात नसल्याने सोडलेला मासा जगतो. जाण्यापूर्वी असे दोन-चार गळ मागवून नाथसागरावर मरळीवर हात बसवून घ्यावा, म्हणजे तेथे पहिल्याच मोठ्या माशाला हात हिसका देणार नाही.

गोदातीर (पैठण)

गळ आजच मागवतो. विष्णुपुरीताई, व्हर्जिनियाच्या परवान्याविषयी आणि ऑगस्टमधल्या भरतीच्या वेळांविषयी जावईबापूंची रजा नक्की झाली की याच ठिकाणी पुन्हा विचारीन.