चिप ‘बर्न’ करणे की ‘भरणे’?

मकरपुरा, बडोदे:
जीआयडीसीत आमचं लहानसं युनिट आहे, पंपांचे कंट्रोलर बोर्ड बनवतो. परवा प्रोग्राम घातलेल्या चिपांच्या ट्रेवर मी चिठ्ठी लावली, ‘बर्न झालेल्या’. नव्या मुलीनं अख्खा ट्रे भंगारात ठेवला. तिचं काय चुकलं? बर्न झालेली म्हणजे जळलेलीच. मराठीत नेमकं काय म्हणावं? शिवाय चिपला डाख (सोल्डर) देण्याआधी प्रोग्राम घालायचा की बोर्डावर बसल्यावर, हे जॉबकार्डावर दोन शब्दांत लिहिता यायला हवं. (डाख म्हणावं की इथं सगळ्यांच्या तोंडी असलेलं गुजराती ‘रेण’, तो वाद वेगळा.)

दांडिया बाजार:
ताई, ‘बर्न’ एके काळी खरा होता. जुन्या प्रॉममध्ये, म्हणजे एकदाच लिहिता येणाऱ्या मेमरी चिपेत, बारीक फ्यूज असत, जास्त करंट सोडून हवे तेवढे जाळायचे. जळला की कायमचा. आताच्या चिपांतल्या फ्लॅश मेमरीत जळत काहीच नाही, हजारो वेळा पुसून पुन्हा लिहिता येतं. ‘फ्लॅश’ हे नाव १९८० च्या दशकात तोशिबा या जपानी कंपनीत फुजिओ मासुओका या इंजिनिअरच्या कामातून आलं, कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखी झटक्यात पुसली जाते म्हणून. म्हणजे तेही पुसण्याचं नाव, लिहिण्याचं नाही. मी ‘भरणे’ म्हणेन. पुसलेल्या चिपचा प्रत्येक बाइट एफएफ (म्हणजे सगळे बिट १) वाचला जातो, ती कोरी. कोरीच्या जोडीला ‘भरलेली’ सहज बसते.

वारसिया:
‘लिहिलेली’ का नको, काका?

दांडिया बाजार:
चिपेवर पेननं नंबर टाकलेली असते, तिलाच लोक लिहिलेली म्हणतील.
आणि आधी-नंतरचं म्हणाल, तर ते काम आपला ‘-ऊन’ करतो. ‘भरून लावणे’, ‘लावून भरणे’. क्रम शब्दातच आला. मला स्वतःला लावून भरणंच पसंत आहे. गिऱ्हाइकानं शेवटच्या दिवशी व्हर्जन बदललं तरी डाख सोडवावा लागत नाही. मात्र चिप एव्हीआर जातीची असेल तर बोर्डावर प्रोग्राम भरायच्या केबलसाठी सहा पिनांची जागा आधीच ठेवा. ‘पिक’ (PIC) जातीच्या जुन्या चिपांना भरताना रिसेटच्या पिनेवर सुमारे १३ व्होल्ट जातात, त्या तारेवर दुसरा नाजूक पार्ट जोडलेला असला तर तो मरतो.

मकरपुरा, बडोदे:
काका, जॉबकार्डावर ‘लावून भरणे’ छापून घेतलं. तो ट्रे भंगारातून परत आणला, त्या मुलीनंच एकेक चिप सॉकेटमध्ये घालून वाचली. सगळ्या भरलेल्या निघाल्या.